क्लेम मागे घेतला तर गेट पास परत मिळेल का?

पत्र थोडक्यात: नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. मिस्टर ३४ वर्षांचे, अंबड एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदारामार्फत सहा वर्षं ऑपरेटर, पगार १५,००० च्या आसपास. जून २०२५ मध्ये सेकंड शिफ्टला पॉवर प्रेसमध्ये उजव्या हाताच्या पहिल्या आणि मधल्या बोटाची दोन-दोन पेरं गेली. टार्गेट पूर्ण व्हावं म्हणून मशीनचा सेन्सर बंद ठेवलेला होता. कंपनीने प्रायव्हेट हॉस्पिटलचं बिल भरलं, दोन महिने अर्धा पगार हातात दिला आणि "इएसआयच्या भानगडीत पडू नका, आम्ही आहोत ना" असं सांगितलं. इएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) कार्ड निघालं ते अपघातानंतर आठ दिवसांनी. सप्टेंबरमध्ये दिराच्या सांगण्यावरून मिस्टरांनी इएसआयमध्ये अर्ज केला आणि कंपनीकडे ॲक्सिडेंट रिपोर्ट मागितला. तेव्हापासून त्यांना स्क्रॅप यार्डात टाकलं, कायमची नाइट शिफ्ट लावली, ओव्हरटाइम बंद केला. ऑक्टोबरात जखम चिघळली म्हणून सातपूरच्या इएसआय हॉस्पिटलने तीन आठवड्यांचं सर्टिफिकेट दिलं, त्याच रजेत २७ तारखेला ठेकेदाराचा फोन आला, "तुझा पास बंद केलाय." आता निरोप असा आहे की क्लेम मागे घे, "माझी काही तक्रार नाही" असं लिहून दे, ४०,००० घे, मग जानेवारीत कामाचं बघू. नणंदेचा मुलगा त्याच कंपनीत आहे, त्यालाही घरी बसवायची धमकी आहे. सासरे म्हणतात अन्नदात्याशी भांडू नये, मिस्टर म्हणतात चूक माझीच होती. ताई विचारतात, क्लेम मागे घ्यावा का?

---

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी एकाच वाक्यावर अडकले. तुम्ही लिहिलंय, "कंपनीने एवढं केलं आणि आम्ही केस टाकली, हे बरोबर आहे का?" म्हणजे बोटं तुमच्या घरातल्या माणसाची गेली, नोकरी त्याची गेली, आणि अपराधी तुम्हाला वाटतंय. म्हणून आधी त्याबद्दल बोलते, मग कायद्याकडे वळू.

तुम्ही केस टाकलेली नाहीये. हे नीट समजून घ्या, कारण घरातला अर्धा ताण या एका गैरसमजातून आलाय. इएसआय हा विमा आहे. पगाराचा पाऊण टक्का कामगाराकडून कापला जातो आणि सव्वातीन टक्के मालक भरतो, म्हणजे १५,००० पगार असेल तर मिस्टरांचे महिन्याला ११२-११३ रुपये आणि कंपनीचे चारशे सत्याऐंशीच्या आसपास. अपघात झाला की पैसे इएसआयसीच्या, म्हणजे ही योजना चालवणाऱ्या महामंडळाच्या, फंडातून येतात, मालकाच्या खिशातून येत नाहीत. आपण गाडीचा विमा काढतो, ठोकली की क्लेम करतो, तेव्हा विमा कंपनीशी भांडलो असं कुणी म्हणत नाही. इथेही तेवढंच झालंय. मिस्टरांनी आपल्या विम्याचे पैसे मागितले.

मग तुम्ही विचाराल, पैसे मालकाचे जात नाहीत तर तो एवढा चिडला कशाला? तुम्हाला मिळणाऱ्या पैशांची त्याला पर्वा नाही ताई, त्याला भीती कागदाची आहे. मिस्टरांनी ॲक्सिडेंट रिपोर्ट मागितला आणि त्या दिवसापासून वागणूक बदलली, हे तुम्हीच लिहिलंय. इएसआयच्या भाषेत तो फॉर्म १२. तो भरला की त्यावर अपघाताची तारीख, वेळ, मशीन, साक्षीदार सगळं येतं. ती तारीख आली की कार्डाची तारीख तिच्यानंतर आठ दिवसांची आहे हे कुणालाही दिसतं, आणि लगेच प्रश्न येतो की हा माणूस सहा वर्षं कामावर आहे तर तोपर्यंत त्याचा इएसआय का नव्हता, आणि याचा नव्हता तर ठेकेदाराच्या मस्टरवरच्या बाकीच्या पोरांचं काय. मागची वर्गणी व्याज आणि दंडासकट वसूल होऊ शकते. पुढचा प्रश्न फॅक्टरी इन्स्पेक्टरचा, की सेन्सर कुणी आणि कधी बंद केला. आणि मोठ्या कंपन्यांना माल देणारा व्हेंडर असेल तर त्यांच्या ऑडिटवाल्याला काय सांगायचं हे वेगळंच. ४०,००० ची ऑफर या सगळ्याची आहे, बोटांची नाहीये.

हे ध्यानात आलं की तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळतं. क्लेम मागे घेतल्याने मालकाची भीती जाणार नाही, कारण काय घडलं ते माहीत असलेला माणूस तर उरतोच, आणि असा माणूस गेटच्या आत नको असंच त्याला वाटणार. जानेवारीत बघू म्हणणारा ठेकेदार लेखी काही द्यायला तयार आहे का, विचारून बघा. तुमच्याकडून लेखी पाहिजे आणि त्याचं मात्र तोंडी, हा सौदा माझ्या अनुभवात कामगाराला कधीच फळलेला नाही.

आता ४०,००० चा हिशोब करू, कारण हाताशी पैसे नसताना ही रक्कम मोठी दिसते आणि तशी ती आहेच. इएसआयमध्ये कायमच्या अपंगत्वाचे पैसे दर महिन्याला मिळतात आणि तहहयात मिळतात. किती, ते मेडिकल बोर्ड ठरवतं, पण कायद्याच्या परिशिष्टात कुठल्या बोटाला किती टक्के ते दिलेलं आहे. अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं गेली तर ११ टक्के, मधल्या बोटाची दोन पेरं गेली तर ९ टक्के, बेरीज २०. पगार १५,००० धरला तर रोजचे ५००, त्याच्या ९० टक्के म्हणजे ४५०, आणि त्याचे २० टक्के म्हणजे रोजचे ९० रुपये. महिन्याला साधारण २,७००. बोर्ड थोडं कमी-जास्त करू शकतं, इएसआयमध्ये पगार कमी दाखवला असेल तरी आकडा खाली येईल (म्हणून पहिल्यांदा चलनावर पगार किती दाखवलाय ते तपासा), पण ढोबळ हिशोब हा असा. म्हणजे मालकाची ऑफर पंधरा महिन्यांत संपते आणि तुमचे मिस्टर ३४ वर्षांचे आहेत. हे पैसे दुसरीकडे नोकरी लागली तरी चालू राहतात, ते बोटांचे पैसे आहेत, घरी बसण्याचे नाहीत. याशिवाय इएसआयच्या डॉक्टरने जितक्या दिवसांचं सर्टिफिकेट दिलं त्या दिवसांचे ९० टक्के हिशोबाने वेगळे. जून ते ऑगस्टचे मिळतील का हे इएसआयसीच्या मान्यतेवर आहे, कारण तेव्हा उपचार प्रायव्हेट हॉस्पिटलला झाले, पण तिथले सगळे कागद जोडून अर्ज करून ठेवा, आणि दोन महिने अर्धा पगार मिळाला ते लपवू नका, उगाच त्यावरून अर्ज अडकेल.

आणखी एक, "माझी काही तक्रार नाही" लिहून दिलं तरी इएसआयचा हक्क संपत नाही, तो हक्क कुणाच्या नावे करता येत नाही की विकता येत नाही, कायद्यातच तसं आहे. पण तो कागद पुढे नोकरीच्या भांडणात तुमच्या विरोधात नक्की वापरला जाईल. म्हणून सही नको. कोऱ्या कागदावर तर नकोच, स्टॅम्प पेपरवर नको, "पगार घ्यायला ये आणि इथे एक सही कर" म्हणाले तरी आधी पूर्ण वाचायचं, फोटो काढायचा आणि राजीनाम्याचा शब्द दिसला तर उठून यायचं.

मिस्टरांच्या "चूक माझीच" बद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय.

माझ्या वडिलांनी सातपूरला बावीस वर्षं काढली. डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. आम्ही लहान असताना विचारलं की सांगायचे, लहानपणी गावाला विळ्याने कापली. सगळ्यांना तेच सांगायचे, आईलाही. रिटायर झाल्यावर एकदा गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बसलेलो असताना आपणहून म्हणाले की कापली कारखान्यात, माझीच चूक होती म्हणून सांगायची लाज वाटायची. किती वर्षं ते ओझं त्यांनी उचललं असेल, आणि कशासाठी? गार्ड नसलेल्या मशीनवर बारा तास उभं राहून एकदा हात चुकला म्हणून. मला आजही त्याचा त्रास होतो.

मिस्टरांना सांगा, की इएसआयमध्ये चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही. कामावर असताना कामामुळे इजा झाली, बास. अगदी १९२३ चा नुकसानभरपाईचा जो जुना कायदा होता, त्यातसुद्धा साधा निष्काळजीपणा हे पैसे नाकारायचं कारण नव्हतं, दारू पिऊन असणं किंवा सुरक्षेसाठी लावलेली वस्तू कामगाराने मुद्दाम काढून टाकणं अशी ठरावीक कारणं होती, आणि मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तीही चालत नव्हती. ही गोष्ट इंग्रजांच्या काळात मान्य झालेली आहे, की मशीनसमोर उभा असलेला दमलेला माणूस चुकणारच आणि म्हणून गार्ड असतो. सेन्सर मिस्टरांनी बंद केला नव्हता. बंद सेन्सरची मशीन त्यांना चालवायला दिली होती आणि नाही म्हटलं असतं तर पास तेव्हाच बंद झाला असता. हे त्यांना मोठ्याने ऐकवा, एकदा ऐकून पटणार नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागेल.

आता नोकरीबद्दल. इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. बोटांचा हक्क आणि नोकरीची लढाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ठेकेदार त्या मुद्दाम एकत्र बांधतोय, एक सोड म्हणजे दुसरी देतो. तुम्ही त्या डोक्यात वेगळ्या ठेवा. पहिली जवळजवळ पक्की आहे, कागद नीट असतील तर. दुसरी अवघड आहे.

अवघड म्हणजे काय, तर तुमची बाजू कायद्याने चांगली आहे. तेव्हा लागू असलेल्या इएसआय कायद्याचं कलम ७३ म्हणतं की कामगार इजेच्या रजेवर असताना किंवा त्या काळात उपचार घेत असताना त्याला काढता येत नाही, शिक्षा करता येत नाही, आणि त्या काळात दिलेली काढून टाकायची नोटीस बाद ठरते. मिस्टरांचा पास सर्टिफिकेट चालू असताना बंद केला, म्हणून २७ ऑक्टोबर ही तारीख आणि ते सर्टिफिकेट एकमेकांशेजारी ठेवा, तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच. शिवाय महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, सूडबुद्धीने काढणं आणि चांगल्या कामावरून मुद्दाम हलवणं याविरुद्ध त्यात तक्रार करता येते. पण त्याची मुदत फक्त ९० दिवस आहे. २७ ऑक्टोबरपासून मोजलं तर २५ जानेवारी. म्हणजे "जानेवारीत बघू" हा निरोप कुठल्या तारखेच्या अंदाजाने आलाय ते तुमच्या लक्षात येईल. मी कुणाच्या मनातलं सांगू शकत नाही, पण जानेवारी संपेपर्यंत तुम्ही आशेवर बसून राहिलात तर फायदा कुणाचा होतो ते उघड आहे. उशिरा तक्रार घेता येते, कारण पटलं तर, पण ती जोखीम कशाला घ्यायची.

अडचण ठेकेदारीची आहे. कंपनी म्हणणार हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे, आणि मूळ कंपनीविरुद्ध या १९७१ च्या कायद्याखाली जायचं तर मालक-कामगार नातं वादात नसावं लागतं, सुप्रीम कोर्टाचे २००१ पासूनचे निकाल तसे आहेत. ठेकेदाराविरुद्ध जाता येतं, लेबर ऑफिसमध्ये कन्सिलिएशनला (समेटाला) जाता येतं, पण त्यात वेळ जातो आणि कोर्टात तर वर्षं जातात. कोर्टाने कामावर घ्या म्हटलं तरी त्याच सुपरवायझरखाली काम करायचंय का, हेही मिस्टरांना विचारायला पाहिजे. मला वाटतं तक्रार मुदतीत दाखल करून ठेवावी आणि त्याच वेळी दुसरं काम शोधावं. तक्रार असली की तडजोडीला बसताना ४०,००० पेक्षा बरी रक्कम, सहा वर्षांच्या ग्रॅच्युइटीचा आकडा, थकलेला ओव्हरटाइम, अनुभवाचं पत्र, असं काही तरी मागता येतं. हात रिकामे असताना तडजोड नसते, जे देतील ते घ्यावं लागतं.

(इएसआयच्या बाबतीत मात्र "ठेकेदाराचा माणूस" हे अजिबात चालत नाही. ठेकेदाराच्या कामगाराची वर्गणीसुद्धा आधी मूळ कंपनीने भरायची असते. कार्ड उशिरा काढलं तरी हक्क कामावर लागल्यापासून असतो, इएसआयसी कामगाराला पैसे देऊन मालकाकडून वसूल करू शकते.)

एक गोष्ट ठेकेदार नक्की सांगेल, की आता नवीन लेबर कोड आलेत, जुने कायदे गेले. हे अर्धं खरं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कोड लागू झालेत आणि इएसआय, भरपाई हे दोन्ही सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेलेत. पण तुमचा अपघात जूनचा, पास बंद झाला ऑक्टोबरात, तेव्हा उभे राहिलेले हक्क त्या वेळच्या कायद्याने राहतात. आणि इएसआय नवीन कोडमध्येही आहेच, बंद झालेलं नाही.

आता लगेच काय करायचं. सर्टिफिकेट संपलं त्या दिवसानंतर मिस्टर गेटवर गेले होते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळ्यात जास्त केसेस इथेच घसरतात. कंपनी नंतर म्हणते "आम्ही काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला." तेव्हा इएसआयच्या डॉक्टरकडून फिटनेस घ्या, दिराला सोबत घेऊन शिफ्टच्या वेळेला गेटवर जा, वॉचमनशी भांडायचं नाही, आत घेत नाहीत ना, मग गेटसमोर फोटो काढा आणि त्याच दिवशी ठेकेदार आणि कंपनी दोघांना साध्या मराठीत पत्र पाठवा, की मी अमुक तारखेला फिटनेस घेऊन कामावर हजर झालो, आत घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा, तेच सुपरवायझरला व्हॉट्सॲपवरही टाका. सभ्य भाषेत. रागाने टाकलेला एक मेसेज ते वर्षभर दाखवत बसतात.

कागद गोळा करा. बँकेचं स्टेटमेंट ज्यात सहा वर्षांचे पगार दिसतात, पीएफचं पासबुक ज्यात जॉइनिंगची तारीख दिसते, गेट पासचा फोटो, जुने शिफ्टचे मेसेज, "आज टार्गेट पाहिजे" असले सुपरवायझरचे व्हॉइस मेसेज सुद्धा. आणि प्रायव्हेट हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर इजा कशी झाली म्हणून काय लिहिलंय ते आजच वाचा. "घरी दारात बोटं सापडली" असं लिहिलेलं मी स्वतः एका डिस्चार्ज कार्डावर वाचलंय, जेव्हा त्या माणसाला आणलं होतं कंपनीच्या गाडीतून, अंगावर कंपनीचा युनिफॉर्म. तसं काही असेल तर हॉस्पिटलकडे पूर्ण केस पेपरची कॉपी लेखी मागा, पहिल्या अर्ध्या तासातल्या नोंदी बऱ्याचदा खऱ्या असतात.

फॉर्म १२ कंपनी देत नसेल तर इएसआयसीच्या ऑफिसला लेखी कळवा, की मालक रिपोर्ट देत नाही, तुम्ही चौकशी करा. अर्जाच्या कॉपीवर शिक्का मारून घ्या, शिक्क्याशिवाय खिडकी सोडायची नाही. इएसआयसीचा टोल फ्री नंबर १८००-११-२५२६ आहे. मेडिकल बोर्डाची तारीख मागा, टाळाटाळ झाली तर पुन्हा लेखी, आणि बोर्डाने दिलेले टक्के पटले नाहीत तर अपील आहे, तिथेच गप्प बसू नका.

वकिलाचा खर्च कसा करायचा म्हणून तुम्ही लिहिलंय. तो करावा लागू नये. विधी सेवेच्या १९८७ च्या कायद्यात मोफत वकील ज्यांना मिळतो त्या यादीत स्त्रिया आहेत, आणि औद्योगिक कामगारही आहेत, उत्पन्नाची अट न लावता. सीबीएसजवळच्या जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, किंवा १५१०० ला फोन करा. युनियनकडेही जा, कंपनीत युनियन नसली तरी चालते, नाशिकच्या एमआयडीसीत सीटूसारख्या युनियनचं काम जुनं आहे आणि ठेकेदारी कामगारांच्या भानगडी त्यांना पाठ असतात. मी वकील नाही, मी फक्त इतकी वर्षं अशी पत्रं आणि असे कागद वाचत आलेय, तेव्हा तारखा आणि तक्रारीचा मसुदा जाणकाराला दाखवूनच पुढे जा.

तुमच्यासारखी पत्रं इतरांचीही येतात म्हणून इथेच लिहिते. ज्यांना इएसआय लागूच नाही, म्हणजे दहापेक्षा कमी माणसांचं वर्कशॉप किंवा पगार २१,००० च्या वर, त्यांची भरपाई मालकाने स्वतः द्यायची असते, आणि ती एकरकमी असते. तुमच्या मिस्टरांच्याच वयाचा, पगाराचा आणि इजेचा माणूस धरला तर जुन्या कायद्याच्या सूत्राने १५,००० च्या ६० टक्के गुणिले १९९.४० आणि त्याचे २० टक्के, म्हणजे ३,५८,९२० रुपये होतात. इथे खिसा खरोखर मालकाचा असतो म्हणून दबाव जास्त येतो. दाव्याची मुदत दोन वर्षं आहे, नोकरी टिकवायच्या नादात ती निघून जाऊ देऊ नका.

सासऱ्यांशी वाद घालू नका ताई. ते अन्नदाता म्हणतात त्यामागे त्यांचं आयुष्य आहे, एकेक कारखाना बंद पडून माणसं गावाकडे परत गेलेली त्यांनी पाहिली असतील, त्यांची भीती खोटी नाही. पण त्यांच्याकडे एक काम द्या. सहा वर्षांत किती पीस त्या प्रेसमधून मिस्टरांच्या हातून निघाले असतील त्याचा अंदाज त्यांना करायला सांगा, शिफ्टचे किती, महिन्याचे किती. बसू द्या त्यांना कागद-पेन घेऊन. अन्न कुणी कुणाला दिलं याचा विचार ते स्वतःच करतील.

एमआयडीसीत नाव खराब होईल ही भीतीही खरी आहे, ठेकेदार एकमेकांना फोन करतात. पण सगळी एमआयडीसी एका ठेकेदाराची नाही. गोंदे, सिन्नर, दिंडोरी या बाजूलाही बघा, आणि प्रेसवरच परत उभं राहायची गरज नाही. सहा वर्षं डाय आणि जॉब बघितलेला माणूस इन्स्पेक्शनला, स्टोअरला, डिस्पॅचला चालतो. डाव्या हाताने लिहायची सवय त्यांनी लावून घेतलीय असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून बरं वाटलं.

राहता राहिला तुमचा भाचा. त्याच्या नोकरीची तुम्हाला काळजी आहे, नणंदेला काय तोंड दाखवू असं लिहिलंय. त्याला या प्रकरणात साक्षीदार म्हणून लगेच पुढे करू नका, तो नुकता लागलाय आणि तुमच्याकडे बाकीचा पुरावा पुरेसा आहे. नणंदेशी मात्र आजच बोला, लपवून ठेवू नका, उद्या त्याला खरंच काढलं तर तिला तुमच्याकडून आधी कळलेलं असावं. आणि धमकीचा फोन कुठल्या दिवशी, कुठल्या नंबरवरून आला ते वहीत टिपून ठेवा.

पण मला तुम्हाला वेगळंच विचारायचंय. तुम्ही त्याच्या नोकरीबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि मध्येच एक वाक्य येऊन गेलंय, "मामाच्या जागेवर आता त्यालाच टाकलंय." म्हणजे तीच प्रेस ना? सेन्सर चालू केलाय का त्यांनी? आज रात्री तो शिफ्टला जायच्या आधी त्याला फोन करून एवढंच विचारा. नाही म्हणाला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते, तक्रार कुणी केली हे इन्स्पेक्टरने गुप्त ठेवायचं असतं, १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये तसं कलमच घातलं होतं. त्याचं नाव कुठे येणार नाही, तक्रार तुम्ही करा. क्लेमचं, तक्रारीचं, तारखांचं उद्या सकाळी बघू, हा फोन आज करा, आणि तो काय म्हणाला ते मला कळवा.

तुमची,
ताई